कपेल बंद होताना: कॅनन लाइड 400 कुठे पुरतो, कुठे कमी पडतो

निकाल आधीच सांगून टाकतो. गोव्यातल्या वाड्यावरचं (गावातल्या वस्तीचं) किंवा घराण्याचं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, बंद व्हायचं ठरलं असेल आणि तिथले फोटो, फेस्ताच्या (कपेलाच्या सणाच्या) वह्या, लदिनीचे (प्रार्थनागीतांचे) हाताने लिहिलेले सूर स्कॅन करून ठेवायचे असतील, तर सुट्या आणि सपाट कागदांसाठी कॅननचा लाइड 400 हा सपाट काचेचा स्कॅनर बिनधास्त घ्या. चौकटीत काचेला चिकटलेले फोटो, बांधीव वह्या आणि निगेटिव्ह यांच्यासाठी मात्र घेऊ नका. पंचाईत अशी, की कपेलात सगळ्यात जपण्यासारखं जे निघतं ते बहुतेक या दुसऱ्या यादीतलंच असतं. यंत्र वाईट नाही, पण एकटं पुरत नाही. अर्धं काम चांगल्या मोबाइल कॅमेऱ्यावर आणि खिडकीच्या उजेडावर होतं.

कपाटात साधारण काय असतं ते आधी पाहू. पहिल्या कम्युनिअनचे, लग्नाचे, मयताचे फोटो. मृतांच्या आठवणीची छापील कार्डं. फेस्ताच्या जमाखर्चाच्या वह्या, ज्यात त्या वर्षीचा मान कुणाकडे होता ते लिहिलेलं असतं. व्हायोलिनच्या सुरावटींचे कागद. भिंतीवर बिशपांच्या भेटीचा किंवा नूतनीकरणाचा मोठा समूह-फोटो. बाप्तिस्मा आणि लग्नाची मूळ रजिस्टरं इथे शोधू नका. ती मुख्य चर्चकडे असतात, कपेलाकडे नव्हे. गोव्यात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी 1914 पासूनची, त्याआधीच्या नोंदींसाठी चर्चच्याच वह्या बघाव्या लागतात. चुकून अशी एखादी वही कपेलाच्या कपाटात आलीच, तर ती पाद्र विगारांच्या (मुख्य पाद्रींच्या) हाती द्यायची, घरी न्यायची नाही. तिचं स्कॅन दाखल्याच्या जागी चालत नाही, दाखला चर्चच्या किंवा सरकारी कचेरीच्या शिक्क्याचाच लागतो.

आता यंत्र. वजन 1.7 किलो, म्हणजे खांद्यावरच्या पिशवीत सहज मावतं. वीज आणि माहिती दोन्ही एकाच यूएसबी-सी केबलमधून जातात, वेगळा अडॅप्टर नाही. बंद होणाऱ्या वास्तूत वीजजोड बहुतेक वेळा आधीच तोडलेला असतो, त्यामुळे लॅपटॉपच्या बॅटरीवर चालणारा स्कॅनर हीच इथली मोठी सोय. केबल थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. स्वस्तातल्या यूएसबी हबमधून लावली की वीज कमी पडते, मग स्कॅन मध्येच थांबतो किंवा चित्रावर पट्टे येतात, आणि लोक यंत्राला शिव्या घालतात.

खोक्यावर 4800 डीपीआय (इंचामागे ठिपके) लिहिलेलं असतं, ते विसरून जा. छापील किंवा लिहिलेल्या कागदाला 300 पुरे. फोटोला 600. पासपोर्टएवढ्या किंवा त्याहून लहान चेहऱ्याच्या फोटोला 1200. त्यापुढे जुन्या छायाचित्रात तपशीलच उरलेला नसतो, नुसती फाइल फुगते. हिशेब असा: 4 बाय 6 इंचांचा फोटो 600 ला रंगीत टिफमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फाइलमध्ये, सुमारे 26 एमबी होतो. ए-फोर कागद 300 ला तेवढाच, पण 600 ला 104 एमबी. चारशे फोटो म्हणजे दहा जीबीच्या आसपास. हे परवडतं. सगळं 2400 ला केलं तर तेच सोळा पट होतं, आणि दुसऱ्याच दिवशी कुणी तरी कंटाळून दाबलेल्या जेपेगवर येतं. 300 ला ए-फोर कागद कंपनी म्हणते तसा आठ सेकंदांत होतो, 600 ला वेळ बराच वाढतो. दिवसाचा बेत आखताना वेळ यंत्रापेक्षा हाताळणीत जास्त जातो हे धरून चाला.

खरी गोम फोकसची. स्कॅनर दोन जातींचे असतात. महाग आणि जाड असतात त्यांत भिंग आणि सीसीडी हा संवेदक असतो. लाइडसारख्या पातळ यंत्रात सीआयएस, म्हणजे कागदाच्या रुंदीइतकी संवेदकांची पट्टी काचेच्या अगदी खालून सरकते. कागद काचेला टेकलेला असेल तर सीआयएसचं चित्र झकास येतं. अर्धा-एक मिलिमीटर वर उचलला गेला की मऊ पडतं. खात्री करून घ्यायची असेल तर स्टीलची पट्टी काचेवर ठेवा, एक टोक टेकलेलं आणि दुसऱ्या टोकाखाली एक रुपयाचं नाणं. 600 ला स्कॅन करा आणि मिलिमीटरच्या रेघा कुठून पुसट व्हायला लागतात ते बघा. नवीन यंत्र घरी आलं की पहिलं हेच करावं, म्हणजे पुढे कुठला फोटो यावर ठेवायचा आणि कुठला नाही हा वाद होत नाही.

आता चौकटी. गोव्याच्या दमट हवेत भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेल्या फोटोचा जिलेटिनचा थर फुगतो आणि काचेला चिकटतो. फ्रेम तिरपी धरून उजेडात बघितली की चिकटलेला भाग ओला असल्यासारखा गडद आणि चकचकीत दिसतो. असा फोटो सोडवायला जाऊ नका. सुरी, दोरा, वाफ, हेअर ड्रायर, काहीच नको. चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काचेसकट लाइडवर ठेवला तर मधल्या दोन-तीन मिलिमीटर काचेमुळे चित्र धूसर येतं. इथे मोबाइलच बरा. फ्रेम भिंतीला टेकवून उभी करा, उजेड एका बाजूच्या खिडकीतून साधारण 45 अंशांवर येऊ द्या, फ्लॅश बंद. कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा आणि त्याच्या फटीतून फक्त भिंग बाहेर काढा, म्हणजे काचेत खिडकी आणि फोटो काढणाऱ्याचा शर्ट उमटत नाही. दुप्पट झूमचं भिंग असेल तर ते वापरा आणि मागे सरका. जवळून मोठ्या कोनाच्या भिंगाने काढलेल्या फोटोत कडेची माणसं फुगतात.

काचेला न चिकटलेला फोटो मागचे खिळे पक्कडीने काढून बाहेर घ्यावा. मागच्या पुठ्ठ्याआड कसर असतेच, म्हणून हे काम कपेलाबाहेर ओसरीवर करा.

समूह-फोटोंची गोष्ट वेगळी. लग्नाचे आणि फेस्ताचे मोठे फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, ए-फोरपेक्षा मोठे. दोन-तीन तुकड्यांत स्कॅन करून जोडायचे असं सगळे सांगतात. पण लाइडच्या काचेभोवतीची प्लास्टिकची कड काचेपेक्षा किंचित वर असते. पुठ्ठा त्या कडेवर बसतो आणि मधून अधांतरी राहतो, म्हणजे पुन्हा फोकस गेला. शिवाय असे पुठ्ठे बहुतेक वाकलेले असतात. झाकणावर वजन ठेवून दाबाल तर पुठ्ठा तडकतो, आणि तडा नेमका मधल्या रांगेतल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून जातो. पुठ्ठा पातळ आणि सरळ असेल तरच स्कॅनर. तुकड्यांमध्ये एकचतुर्थांश भाग सामाईक ठेवा आणि हगिन या फुकट प्रोग्रामने जोडा. नाही तर सरळ मोबाइल.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या स्टुडिओ फोटोंचा कागद बऱ्याचदा रेशमी पोताचा, बारीक खाचांचा असतो. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने पडतो, त्यामुळे प्रत्येक खाच चमकते आणि वधूच्या चेहऱ्यावर मीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. उपाय आहे. तोच फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे 180 अंश फिरवून स्कॅन करा, दुसरा संगणकावर सरळ करा, दोन्ही एकावर एक ठेवून वरच्याची पारदर्शकता पन्नास टक्के करा. चमक बरीच कमी होते. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या गडद भागावर निळसर चांदीची झाक येते, तिथेही फोटो फिरवून बघितला की फरक पडतो.

बांधीव वहीला लाइडचं झाकण उचलून धरलं जातं हे खरं, जाहिरातीतही तेच दाखवतात. प्रत्यक्षात शिवणीजवळचा दीड-दोन सेंटिमीटरचा पट्टा काळा आणि पुसट येतो, आणि जमाखर्चाच्या वहीत रक्कम नेमकी तिथे संपते. ती वाचता यावी म्हणून वही उताणी दाबली की शिवण उसवते. जुनी शाई लोहयुक्त असेल तर तिने कागद खाल्लेला असतो, तो अक्षराच्या आकारात फाटतो. वही कधीही 180 अंशांत उघडू नका. दोन उश्या किंवा तांदळाच्या पिशव्या घेऊन 90 ते 100 अंशांचा कोन करा, आधी सगळी उजवी पानं मोबाइलने काढा, मग वही फिरवून सगळी डावी. एक पान सुटलं तर लगेच कळावं म्हणून पानाशेजारी क्रमांकाची चिठ्ठी आणि पट्टी ठेवा. मोबाइलवरच्या स्कॅनिंग अॅपचा काळा-पांढरा फिल्टर बंद ठेवा. त्याने पान स्वच्छ दिसतं, पण पेन्सिलीने लिहिलेल्या बारीक नोंदी साफ उडतात, आणि सुरावटींच्या कागदांवर तर वाजवणाऱ्याच्या खुणा पेन्सिलीतच असतात.

निगेटिव्हचा प्रश्नच नाही. लाइड 400 च्या झाकणात दिवा नाही, त्यामुळे फिल्म स्कॅन होत नाही. एप्सनच्या पर्फेक्शन व्ही 600 मध्ये ती सोय आहे, सीसीडी असल्यामुळे फ्रेमच्या काचेआडचा फोटोही तो बरा घेतो. पण तो बराच महाग आणि बोजड आहे, आणि त्याच्यातली धूळ-ओरखडे काढणारी डिजिटल आइस ही करामत चांदीच्या कृष्णधवल निगेटिव्हवर चालत नाही. चालवायला गेलं तर चित्रच खराब होतं. कपेलातल्या जुन्या निगेटिव्ह बहुतेक त्याच जातीच्या. चार-सहा पट्ट्यांसाठी हे यंत्र घेऊ नका, पांढऱ्या प्रकाशाचा लाइट पॅड आणि मोबाइल चालेल. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ती अॅसिटेट फिल्म कुजायला लागली आहे असं समजा. ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि सगळ्यात आधी करा. उष्ण-दमट हवेत ती थांबून राहत नाही.

सॉफ्टवेअर कंपनीचंच, आयजे स्कॅन युटिलिटी. त्यातला ऑटो मोड पहिल्यांदा बंद करा. तो काचेवरचे अनेक फोटो आपोआप वेगळे कापतो. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्यात आणि कडेला एक सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी लागते. ते जमतंही, पण जुन्या फोटोंची नक्षीदार कड आणि पांढऱ्या किनारीवर लिहिलेली तारीख तो कापून टाकतो. त्याऐवजी स्कॅनगिअर ही तपशीलवार सेटिंगची खिडकी उघडा, अनशार्प मास्क (कडा धारदार करणं), धूळ कमी करणं, रंग उजळणं, इमेज अॅडजस्टमेंट सगळं बंद, रंगीत 24 बिट, टिफ. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीतच घ्या. पुढे कामाला येतं. कागदावरचे तांबूस डाग लाल चॅनेलमध्ये (चित्रातल्या फक्त लाल रंगाच्या थरात) जवळजवळ नाहीसे होतात, आणि फिकट झालेली तपकिरी शाई निळ्या चॅनेलमध्ये जास्त उठून दिसते. राखाडीत स्कॅन केलं की ही सोय गेली.

चित्रावर वरपासून खालपर्यंत एकच सरळ बारीक रेघ आली तर फोटोत दोष नाही. स्कॅनर सुरुवातीला ज्या भागावर स्वतःला जुळवून घेतो तिथे धुळीचा कण आहे. काच पुसा, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. पुसताना द्रव काचेवर फवारायचा नाही, मऊ कापडावर घ्यायचा. नाही तर तो कडेच्या फटीतून आत झिरपतो आणि काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरतं, जे घरी पुसता येत नाही. गंजलेल्या टाचण्या काचेजवळ न्यायच्याच नाहीत. टाचणीखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून ती उचलून काढा. चिकटपट्टी लावलेली असेल तर ती तशीच राहू द्या.

पावसाचं वेगळं सांगायला नको, पण या यंत्राच्या बाबतीत सांगतोच. सापेक्ष आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि गोव्यात पावसाळ्यात ती त्याच्या कितीतरी वर असते. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका, फार तर मिरगाच्या आधी. बुरशी आलेला फोटो थेट काचेवर ठेवू नका. एन-95 मुखवटा लावून, उघड्यावर, मऊ ब्रशने एकाच दिशेने झटका, ओलं फडकं नको आणि उन्हात वाळवणंही नको. स्कॅनर जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत राहू दे. नारंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये सुमारे 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात.

रिकामी इमारत फार वेळ देत नाही, हे जुन्या गोव्यात बघायला मिळतं. सेंट ऑगस्टीनचा मठ 1835 मध्ये रिकामा झाला, 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं. तिथली मोठी घंटा मात्र वाचली, आणि 1871 पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे. वाड्यावरच्या कपेलाची कौलं एक-दोन वर्षं चाळली नाहीत की पाणी आधी कपाटाच्या मागच्या भिंतीतून येतं. म्हणून कपाट रिकामं करणं हे पहिलं काम, स्कॅनिंग नंतर घरी बसूनही होईल.

हलवण्याआधी परवानगी. कपेल कधी चर्चचं असतं, कधी कोंफ्रारीचं (भाविकांच्या मंडळाचं), कधी घराण्याचं खासगी. खासगी असलं तरी त्याचा दुसरा वापर करण्याआधी धर्माधिकाऱ्याला विचारा, आणि वेदीतला संतांच्या अवशेषांचा दगड कुणी घरी न्यायचा नसतो. फोटो आणि वह्या कुणाच्या यावर कागदावर दोन ओळी लिहून सह्या घ्या. घरातली भांडणं मूर्तीवरून कमी आणि अल्बमवरून जास्त होतात.

क्रमांक फोटोच्या मागे मऊ 2बी पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन समोर उमटतं. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच असते. फाइलच्या नावात तोच क्रमांक, पुढे वर्ष. नावं मात्र फाइलच्या नावात कोंबू नका, वेगळ्या तक्त्यात लिहा: डावीकडून पहिली रांग, दुसरी रांग, कुणी सांगितलं तेही. वाड्यावरच्या वयस्क माणसांसमोर संगणक ठेवण्यापेक्षा ए-फोरवर काढलेली मोठी प्रत ठेवा. ती लगेच बोलू लागतात आणि बोटाने दाखवतात, तेव्हा मोबाइलवर आवाज घेता येतो. गावचा कूड (गावकऱ्यांची राहायची जागा, क्लब) मुंबईत धोबी तलाव किंवा माझगावला असेल तर तिथेही विचारा. कपेलातली प्रत गेली तरी तिथे एखादी शिल्लक असू शकते.

झेरॉक्सवाल्याकडे किंवा स्टुडिओत दिलं तर वेळ वाचतो, पण दोन गोष्टी आधी ठरवा: मूळ फोटो नजरेआड जाणार नाही, आणि सुधारलेली प्रत नको, कच्ची टिफ हवी. हल्ली एआयने चेहरे स्वच्छ करून देतात. डोळे चमकतात, दात दिसतात, आणि माणूस दुसराच होतो. भिंतीवर लावायला हवं तर करून घ्या, पण ती फाइल मूळ संग्रहात मिसळू देऊ नका.

साठवण तीन ठिकाणी: दोन वेगळ्या हार्ड डिस्क, त्यातली एक गोव्याबाहेरच्या नातेवाइकाकडे, आणि एक ऑनलाइन. पेन ड्राइव्ह द्यायला-घ्यायला ठीक, ठेवायला नाही. वर्षातून एकदा दोन्ही डिस्क लावून चार-पाच फाइली उघडून बघा.

लाइड 300 घ्यावा का, असं नेहमी विचारलं जातं. तो 2400 डीपीआयचा आहे आणि थोडा हळू. वर सांगितलेल्या कामाला 1200 च्या वर जायचं नसल्यामुळे चित्रात फरक दिसणार नाही, फोकसची मर्यादा दोघांचीही तीच. 400 स्टँडवर उभा ठेवता येतो, लहान टेबलावर ते बरं पडतं. किमतीतला फरक मोठा असेल तर 300 घ्या आणि उरलेल्या पैशांतून मोबाइलचा मजबूत स्टँड, लाइट पॅड आणि दुसरी हार्ड डिस्क घ्या.